माहेरच्या रेघा: इंग्लंड-स्कॉटलंड वंशवृक्षाच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

काम एकदाचं सुरू. लेस्टरमध्ये राहायचं आणि इथेच पुरलेल्या इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या रिचर्डचा, नाद लागू द्यायचा नाही, हे अवघडच. गेली काही वर्षं वाचन चालू आहे, वह्या भरल्या आहेत, पण कोण कुणाचा कोण हे डोक्यात राहत नाही. म्हणून भिंतीवर लावता येईल असा ए-झिरो आकाराचा एक तक्ता करायचा ठरवलंय, मराठीत, इंग्लंड आणि स्कॉटलंडची राजघराणी एकाच कागदावर. विकत मिळणारे तक्ते बहुतेक एकाच देशाचे असतात. सीमेपलीकडची राणी आली की तिचं नाव, बरोबरची खूण, आणि पुढे मुलं. ती आली कुठून, हे दुसऱ्या तक्त्यावर शोधायचं.

तक्त्याची सुरुवात १३७१, दुसरा रॉबर्ट गादीवर बसला आणि स्टुअर्ट घराणं सुरू झालं ते वर्ष. शेवट ९ सप्टेंबर १५१३, फ्लॉडनची लढाई. इंग्लंडकडून मात्र तिसऱ्या एडवर्डच्या मुलांपासून घ्यावं लागणार, कारण पुढची सगळी भाऊबंदकी त्याच मुलांच्या वंशजांची आहे.

साधनं: एक स्प्रेडशीट आणि इंकस्केप हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, मग आई, वडील, लग्न, जन्म, मृत्यू, दफन, आणि शेवटी ‘हे कशावरून’ असा एक रकाना. तो रकाना कोरा असेल तर माणूस तक्त्यावर चढणार नाही. नियम कडक आहे, पण त्याशिवाय हौशी माणसाच्या कामाला कुणी विचारत नाही.

२८ जानेवारी

आजचा सगळा वेळ तारखांनी खाल्ला. मध्ययुगात इथलं कागदोपत्री वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, २५ मार्चला होई. स्कॉटलंडने १६०० मध्ये ही पद्धत सोडली, इंग्लंडने थेट १७५२ मध्ये. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि बराचसा मार्च यांतली प्रत्येक घटना जुन्या कागदात एक वर्ष मागे दिसते.

उदाहरण समोरच आहे. स्कॉटलंडच्या पहिल्या जेम्सचा खून फेब्रुवारी १४३७ मध्ये झाला. त्या काळच्या हिशेबाने ते १४३६. त्याच्या सहा वर्षांच्या मुलाचा राज्याभिषेक होलीरूडला झाला २५ मार्च १४३७ रोजी, म्हणजे जुन्या पद्धतीने बरोबर वर्षप्रतिपदेला. कागद वाचणाऱ्याला वाटतं गादी वर्षभर रिकामी होती. मधे गेला होता जेमतेम महिना.

तोडगा: दोन रकाने, ‘कागदातलं वर्ष’ आणि ‘तक्त्यावरचं वर्ष’. तक्त्यावर आपलं नेहमीचं वर्ष छापायचं.

११ फेब्रुवारी

नावांचा घोळ. स्कॉटलंडला जेम्सनंतर जेम्स, त्यानंतर जेम्स. इंग्लंडला हेन्री, एडवर्ड, रिचर्ड आलटून पालटून. स्कॉटलंडच्या तिसऱ्या रॉबर्टचं पाळण्यातलं नाव तर जॉन. जॉन नावाचे राजे लाभत नाहीत म्हणून गादीवर बसताना त्याने रॉबर्ट घेतलं. लाभलं तेही नाहीच. १४०६ मध्ये त्याच्या मुलाला, म्हणजे पुढच्या पहिल्या जेम्सला, फ्रान्सला पाठवताना फ्लॅम्बरो हेडजवळ चाच्यांनी जहाजावर धरलं आणि इंग्लंडच्या राजाच्या हवाली केलं. बातमी आली आणि थोड्याच दिवसांत म्हातारा गेला.

बायकांमध्ये मार्गारेटचा सुळसुळाट: आंजूची, बोफोर्टांची, यॉर्कची, डेन्मार्कची, ट्यूडरांची. आणि जोन बोफोर्ट दोन! एक वेस्टमरलंडच्या अर्लची बायको, दुसरी तिची भाची, स्कॉटलंडची राणी. हौशी मंडळींच्या गप्पांत या दोघी कायम एकमेकींच्या नावावर खपतात. मी आत्या-जोन आणि राणी-जोन असं लिहिणार आहे. विद्वान नाक मुरडतील तर मुरडोत.

२५ फेब्रुवारी

राणी-जोनची नोंद पुरी केली. तक्त्यावर तिला अंगठ्याएवढी जागा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

पहिला जेम्स १८ वर्षं इंग्लंडच्या कैदेत होता. धरला तेव्हा अकरा-बारा वर्षांचा पोरगा, सुटला तो तिशीच्या उंबरठ्यावर. सुटकेच्या करारात ६०,००० मार्क ठरले, तेही खंडणी म्हणून नव्हे, इतकी वर्षं सांभाळल्याचा खर्च म्हणून! त्यांतले १०,००० जोनच्या हुंड्यापोटी माफ झाले. फेब्रुवारी १४२४ मध्ये लग्न झालं, लंडनच्या साउथवर्कमधल्या चर्चमध्ये, आणि ती दोघं उत्तरेला निघाली. राजाने कैदेत लिहिलेलं म्हणून सांगितलं जाणारं एक दीर्घकाव्य आहे; त्यात तो बुरुजाच्या खिडकीतून खाली बागेत फिरणारी मुलगी पाहतो. ती जोनच, असं वाचकांनी ठरवून टाकलंय.

तेरा वर्षांनी पर्थमध्ये, ब्लॅकफ्रायर्स मठात मुक्काम असताना, रात्री मारेकरी आत शिरले. राजाने खोलीतल्या जमिनीची फळी उचकटली आणि खालच्या गटारात उडी घेतली. त्या गटाराचं बाहेरचं तोंड काही दिवसांपूर्वी त्यानेच बुजवून घेतलं होतं, कारण टेनिस खेळताना चेंडू त्यात जायचे. तिथेच त्याला गाठून मारलं. जोन जखमी झाली, पण निसटली. मुलाला राज्याभिषेक करवला आणि मारेकऱ्यांना शोधून इतके हाल करून मारवलं की ते वर्णन मी तक्त्याच्या तळटिपेतही घेणार नाही.

दाराला अडसर म्हणून स्वतःचा हात घालणाऱ्या दासीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती फार उशिराच्या लिखाणात पहिल्यांदा भेटते. ‘हे कशावरून’ रकान्यात बसत नाही, म्हणून दासी बाहेर.

१७ मार्च

पहिला कच्चा तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला होता. आई (सासूबाई, साताऱ्याहून आल्यात, ऑगस्टपर्यंत आहेत) चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, राजे कळले. पण या बायकांची माहेरं कुठायत?”

“आई, जागा नाही हो तेवढी.”

“मग सोयरीक कशी कळायची? ही त्या घरची कोण, ती या घरची कोण, यावरच तर सगळं असतं. आमच्या कुलवृत्तांतातही हेच. मुलीचं नाव, सासरचं आडनाव, की संपली. तिची पोरंबाळं कुणी छापलीयत?”

उठून त्या पोळ्यांकडे वळल्या. मी रात्री स्प्रेडशीट उघडून प्रत्येक राणीच्या आईचा क्रमांक भरायला घेतला. वडिलांचे रकाने गच्च भरलेले होते, आईचे निम्मे कोरे. हे माझ्या एकटीचं नाही. ज्या ज्या छापील वंशावळींवरून मी उतरवून घेत होते, त्या सगळ्या तशाच आहेत.

२४ मार्च

आठवडाभर फक्त माहेरं. लाल रंगाच्या रेघा ओढल्या, आईकडून लेकीकडे. निळ्या रेघा बापाकडून मुलाकडे. आणि मग कागदाचा नूरच बदलला.

निळ्या रेघांत दोन देश शेजारी उभे असतात, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे. लाल रेघा धरून वर गेलं की बरीच मंडळी एकाच बाईपाशी पोहोचतात: कॅथरीन स्विनफर्ड. हेनॉ प्रांतातून आलेल्या एका सरदाराची मुलगी, तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट याच्या मुलींची दाई-शिक्षिका, मग वर्षानुवर्षं त्याची ठेवलेली बाई, आणि अखेर जानेवारी १३९६ मध्ये लिंकनला त्याची लग्नाची बायको. तिची बहीण फिलिपा ही कवी चॉसरची बायको. लग्नाआधीची चार मुलं बोफोर्ट नावाने वाढली. त्यांना १३९७ मध्ये दुसऱ्या रिचर्डने कायदेशीर ठरवलं. चौथ्या हेन्रीने, म्हणजे त्यांच्याच सावत्र भावाने, १४०७ मध्ये त्या कागदात तीन लॅटिन शब्द घुसडले: सगळे हक्क मान्य, राजपद सोडून.

आता नाती मोजू. मराठीत ती मोजायला इंग्रजीपेक्षा फार सोपी जातात, हा आपला फायदा. आत्या-जोन आणि राणी-जोनचा बाप हे सख्खे बहीणभाऊ, कॅथरीनची मुलं. आत्या-जोनची लेक सेसिली नेव्हिल, ती चौथ्या एडवर्डची आणि तिसऱ्या रिचर्डची आई. म्हणजे स्कॉटलंडची राणी ही सेसिलीची मामेबहीण. राणी-जोनच्या भावाची लेक मार्गारेट बोफोर्ट, सातव्या हेन्रीची आई. म्हणजे ती स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सची मामेबहीण. १४८५ मध्ये बॉझवर्थच्या लढाईत समोरासमोर उभे राहिलेले दोघे, म्हणजे तिसरा रिचर्ड आणि सातवा हेन्री, आणि तेव्हा एडिंबराच्या गादीवर असलेला तिसरा जेम्स, तिघंही एकाच मुलं सांभाळणाऱ्या बाईची पतवंडं-खापरपतवंडं.

चौथ्या जेम्सचं आणि मार्गारेट ट्यूडरचं लग्न ठरलं तेव्हा पोपची खास परवानगी काढावी लागली. दोघं चौथ्या पायरीवरचे नातलग होते, म्हणजे समान पूर्वजापासून दोघंही चौथ्या पिढीत. ती पायरी कुठली, हे लाल-निळ्या रेघांवर बोट ठेवून मोजता येतं. राणी-जोनच्या बापावर, म्हणजे कॅथरीनच्याच मुलावर, येऊन थांबतं.

ठरलं. तक्त्याच्या मधोमध कॅथरीन. एडवर्ड तिसरा डावीकडे वर कोपऱ्यात सरकवला.

६ एप्रिल

लिंकन कॅथेड्रल. टेकडी चढून जाताना धाप लागली, आई वाटेत तीनदा बसल्या. वेदीजवळ कोरीव दगडी छत्रीखाली दोन पेटीसारखी थडगी आहेत, एकीच्या पायथ्याला दुसरीचं डोकं. मोठं कॅथरीनचं, धाकटं आत्या-जोनचं. कॅथरीन १४०३ ला गेली, जोन १४४० ला. जोनचा नवरा डरहमकडच्या स्टेनड्रॉपला, त्याच्या पुतळ्याशेजारी दोन्ही बायकांचे पुतळे आहेत, पण ही दुसरी बायको प्रत्यक्षात इथे, आईजवळ. पितळी पत्रे १६४४ च्या यादवीत उखडून नेले. त्याआधी काढून ठेवलेल्या एका चित्रात दोन्ही थडगी एकमेकींच्या शेजारी दिसतात, पुढे कधीतरी ती एका ओळीत लावली.

आई म्हणाल्या, “लेक माहेरी आली म्हणायची.” हा शेरा नोंदवून ठेवते, तक्त्यावर जाणार नाही.

२१ एप्रिल

ही नोंद मोठी होणार. लाल रेघांचं सगळ्यात मोठं काम माझ्या घरापासून बसच्या अंतरावर झालेलं आहे.

रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ ला बॉझवर्थला पडला. लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात घाईने पुरला. मठ आठव्या हेन्रीच्या काळात मोडला, जागा विसरली गेली. २५ ऑगस्ट २०१२ ला समाजकल्याण खात्याच्या कार पार्किंगमध्ये खणायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली. खड्डा लांबीला आखूड, शवपेटी नाही, मान कोंबून बसवल्यासारखी, पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला, पावलं गायब. ४ फेब्रुवारी २०१३ ला विद्यापीठाने जाहीर केलं की हा तोच.

खणणारे व्यावसायिक होते. खणायला लावणारे हौशी. रिचर्डच्या चाहत्यांची संस्था १९२४ पासून आहे, लिव्हरपूलच्या एका शल्यविशारदाने स्थापन केलेली. आधी तिचं नाव पांढऱ्या रानडुकराची मंडळी अशा अर्थाचं होतं, कारण ते रिचर्डचं चिन्ह. या शोधाचा पाठपुरावा केला फिलिपा लँगलीने, एडिंबरात राहणारी पटकथालेखिका, संस्थेच्या स्कॉटलंड शाखेची कार्यवाह. ऐनवेळी पैशाची तूट पडली तेव्हा जगभरच्या सभासदांनी वर्गणी काढून ती भरली. गणपतीची वर्गणी मागितलेल्या कुणालाही या कामाची कल्पना येईल.

आता मुद्द्याचं. ओळख पटवायला डीएनए दोन वाटांनी तपासला. एक वाट पुरुषांची, बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा. रिचर्डला मूल उरलं नव्हतं, म्हणून तिसऱ्या एडवर्डपर्यंत वर जाऊन बोफोर्टांच्या सॉमरसेट शाखेतून खाली आले. आजचे पाच पुरुष तपासले. चौघांचा धागा आपसांत जुळला, पाचव्याचा वेगळाच निघाला, आणि रिचर्डशी कुणाचाच जुळला नाही. म्हणजे कागदोपत्री बाप आणि खरा बाप यांत शतकांच्या वाटेवर कुठेतरी फरक पडलेला आहे. कुठे, हे डीएनए सांगत नाही.

दुसरी वाट बायकांची. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलांना मिळतो, पण पुढे फक्त लेकीच तो नेतात. रिचर्डला तो सेसिलीकडून आला. सेसिलीकडून तोच रिचर्डच्या थोरल्या बहिणीला, अ‍ॅन ऑफ यॉर्कला. अ‍ॅनची लेक अ‍ॅन सेंट लेजर, तिची लेक, तिची लेक, असं करत जॉन अ‍ॅशडाउन-हिल या इतिहासकाराने ही साखळी कॅनडातल्या एका बाईपर्यंत आणली होती, तीही खणण्याच्या कितीतरी आधी. तिचा मुलगा लंडनमध्ये फर्निचर बनवतो. त्याचा डीएनए जुळला. मग दुसऱ्या एका लेकींच्या शाखेतून आणखी एक बाई सापडली, तिचाही जुळला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सगळं शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं.

आता ही साखळी सेसिलीपासून वर न्या. सेसिलीची आई आत्या-जोन. तिची आई कॅथरीन स्विनफर्ड. लेस्टरच्या पार्किंगमधला राजा ओळखला गेला तो त्या दाई-शिक्षिकेच्या धाग्यावरून. राजांचा धागा मधेच तुटला होता.

आणखी एक गाठ इथेच मारून ठेवते. अ‍ॅन सेंट लेजरचा बाप टॉमस सेंट लेजर, म्हणजे रिचर्डचा मेहुणा. १४८३ मध्ये तो बंडात सामील झाला आणि रिचर्डने त्याचं डोकं उडवलं. त्याच्याच लेकीच्या लेकींनी पाचशे वर्षांनी रिचर्डला नाव परत दिलं. विंडसरच्या चॅपेलमध्ये टॉमस आणि अ‍ॅनचा पितळी पत्रा अजून आहे.

१२ मे

लंडनला ऑफिसच्या कामाने गेले होते, तासभर साउथवर्कला काढला. राणी-जोनच्या लग्नाचं चर्च म्हणजे आजचं साउथवर्क कॅथेड्रल. दक्षिण बाजूच्या खांबावर कार्डिनल हेन्री बोफोर्टची ढाल कोरली आहे, वर कार्डिनलची टोपी, दोन्हीकडून गोंड्यांच्या दोऱ्या सुटलेल्या. हा तिचा सख्खा काका. लग्नाचं जेवण त्याच्याच वाड्यात झालं. वाड्याची एक भिंत क्लिंक स्ट्रीटवर उभी आहे, वर चाकासारखी गोल दगडी खिडकी. समोर कॉफीवाले, सेल्फीवाले. फोटो घेतला, तक्त्याच्या कडेला लावीन.

१६ जून

फॉदरिंगे. एकाच जागी दोन्ही घराणी बघायची असतील तर इथे यावं. रिचर्ड इथल्या किल्ल्यात २ ऑक्टोबर १४५२ ला जन्मला, आणि याच किल्ल्यात ८ फेब्रुवारी १५८७ ला स्कॉटलंडच्या राणी मेरीचं डोकं उडवलं. किल्ला आता नाही. गवताचा उंचवटा आहे, नेन नदीच्या काठाशी कुंपणात ठेवलेला बांधकामाचा एक धोंडा आहे, आणि कुंपणाला दोघांच्याही नावाच्या पाट्या. दोन वेगवेगळ्या चाहत्या मंडळींनी लावलेल्या. मेंढ्यांना दोन्हीचं सारखंच.

चर्च मात्र देखणं. अष्टकोनी मनोऱ्यावर सोनेरी ससाणा आणि बेडी, यॉर्क घराण्याचं चिन्ह. सेसिली १४९५ ला इथेच नवऱ्याशेजारी पुरली गेली. चर्चचा निम्मा भाग पुढे मोडकळीला आला तेव्हा पहिल्या एलिझाबेथने ही नवी थडगी करवून दिली. एलिझाबेथ सेसिलीची पणती-खापरपणतीत बसते. नीट मोजलं: सेसिली, एडवर्ड चौथा, एलिझाबेथ ऑफ यॉर्क, आठवा हेन्री, एलिझाबेथ. पणतीची पुढची पिढी, म्हणजे खापरपणती.

१४ जुलै

स्कॉटलंडच्या सुना. इथे इंग्लंडचं माहेर नाही, म्हणून तक्ता कागदाबाहेर जायला लागला.

दुसऱ्या जेम्सची बायको मेरी ऑफ गेल्डर्स, १४४९. बर्गंडीच्या ड्यूकच्या घरची पोर. मॉन्स मेग ही एडिंबरा किल्ल्यातली अवाढव्य तोफ १४५७ मध्ये त्याच ड्यूकने पाठवली. नवऱ्याला तोफांचं वेड. ३ ऑगस्ट १४६० ला रॉक्सबराच्या वेढ्यात दुसरी एक तोफ फुटली आणि तिच्याशेजारी उभा असलेला राजा ठार झाला. मेरीने कारभार हाती घेतला, वेढा चालू ठेवला, किल्ला पडला. पुढच्या वर्षी टाउटनला हरून पळालेल्या इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीला थारा दिला, बदल्यात बेरिक गाव मिळवलं. १४८२ मध्ये ते परत घेतलं ते रिचर्डने, तेव्हा तो ग्लॉस्टरचा ड्यूक होता. मेरीने बांधलेलं चर्च १८४८ मध्ये वेव्हर्ली रेल्वे स्टेशनसाठी पाडलं.

तिसऱ्या जेम्सची बायको मार्गारेट ऑफ डेन्मार्क, १४६९. हुंडा ६०,००० गिल्डर ठरला. बापाकडे रोकड नव्हती, म्हणून ५०,००० पोटी ऑर्कनी बेटं गहाण, आणि राहिलेल्यातल्या ८,००० पोटी शेटलंड. ती कधी सोडवली गेली नाहीत. आजच्या नकाशातली ही बेटं न फिटलेल्या हुंड्याची आहेत.

आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “गहाण टाकलेलं कधी कुणाला परत मिळालंय?”

१८ ऑगस्ट

बॉझवर्थच्या रणांगणाजवळच्या सटन चेनी गावातल्या छोट्या चर्चमध्ये दरवर्षी ऑगस्टमध्ये रिचर्डच्या नावाने प्रार्थना असते. पांढरे गुलाब, रानडुकराचे बिल्ले, टोप्या. गाभ्यातले चाहते आणि चहा-केकसाठी आलेले यांतला फरक पटकन कळतो: पहिले ‘टॉवरमधले राजपुत्र’ (लंडनच्या टॉवरमध्ये नाहीसे झालेले रिचर्डचे दोन पुतणे) हा विषय निघाला की आवाज चढवतात. त्या खुनाच्या वादात मला रस नाही. दोन्ही बाजूंची वाक्यं आता म्हणून दाखवता येतील इतकी ऐकली आहेत.

रस आहे तो रणांगणात. पिढ्यान्‌पिढ्या लढाई अँबियन टेकडीवर दाखवायचे, आजही माहितीकेंद्र तिथेच आहे. खरी जागा नैर्ऋत्येला तीनेक किलोमीटरवर निघाली. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं ओळीने चालणाऱ्या लोकांनी ती शोधायला हात लावला. तोफेचे ३० हून जास्त गोळे आणि चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला इवलासा रानडुक्कर. तो बिल्ला ज्याच्या छातीवर होता तो राजाच्या जवळचाच असणार. २०१० पासून नकाशे बदलले.

आईंचं विमान पुढच्या आठवड्यात. तक्त्याची एक छोटी प्रत साताऱ्याला नेणार आहेत, भिशीत दाखवायला.

९ सप्टेंबर

रजा टाकून ब्रँक्स्टनला. फ्लॉडनची लढाई या गावाच्या शिवारात झाली. वर टेकडी, खाली उतार, आणि उताराच्या पायथ्याशी ओलसर घळ. बांधावर उभं राहिलं की घळ दिसतही नाही, चालत गेलं की बुटात पाणी शिरतं. स्कॉट भालाईत पाच मीटर लांब भाले आडवे धरून, खांद्याला खांदा लावून उतरले. घळीत पाय रुतले, रांग मोडली, आणि मोडलेल्या रांगेत लांब भाल्याचं ओझंच होतं. समोर इंग्रजांची आखूड दांड्याची बिल नावाची कुऱ्हाडवजा हत्यारं. चौथा जेम्स पुढच्याच फळीत होता. १९१० मध्ये बसवलेल्या ग्रॅनाइटच्या क्रुसावर दोन्ही राष्ट्रांच्या वीरांना उद्देशून लिहिलंय. आज फुलं ठेवायला दोन्हीकडची माणसं आली होती.

त्याची बायको मार्गारेट ट्यूडर. तिच्या माहेरच्या सैन्याने तिचा नवरा मारला. सैन्य पाठवलं होतं भावजयीने, आरागॉनच्या कॅथरीनने, कारण आठवा हेन्री फ्रान्सला मोहिमेवर होता. कॅथरीनने मेलेल्या राजाचा अंगरखा नवऱ्याला पाठवून दिला. मार्गारेटचं पोर सतरा महिन्यांचं. स्टर्लिंगला २१ सप्टेंबरला त्याला मुकुट घातला.

तक्ता इथेच संपवायचा होता. पण मार्गारेटच्या दोन लग्नांतून दोन लाल-निळ्या रेघा निघतात, आणि दोन्ही सहाव्या जेम्सपाशी येतात. त्याची आई मेरी ही तिच्या एका नवऱ्याकडची नात, त्याचा बाप डार्न्ली दुसऱ्या नवऱ्याकडचा नातू. १६०३ ला दोन्ही मुकुट त्याच्या डोक्यावर. खाली तुटक रेघेने तेवढं दाखवते.

६ ऑक्टोबर

छपाई. दुकानदाराने पहिला नमुना दिला त्यात सगळी जोडाक्षरं फुटलेली, ‘स्विनफर्ड’चं ‘स्’ एकीकडे, वेलांटी भलतीकडे. त्याच्या यंत्राला देवनागरी फाँट कळत नाही. इंकस्केपमध्ये सगळी अक्षरं आकृतीत बदलली, पीडीएफ परत दिली, आता ठीक आहे. पुढे कुणी मराठीत असं काही छापणार असेल तर हे आधीच करा. आणि लाल शाई पातळ मागू नका. पुरुषांच्या निळ्याखाली ती दबते.

२० ऑक्टोबर

तक्ता भिंतीवर. दुसरा कागद सुरू केला, कारण एक प्रश्न डोक्यातून जाईना.

चौथ्या जेम्सचं प्रेत लंडनला नेलं होतं. पोपने त्याला बहिष्कृत केलेलं, म्हणून पुरता येईना. शीनच्या मठात पडून राहिलं. जॉन स्टो या लंडनच्या इतिहासकाराने सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलंय की मठ मोडल्यावर शिशात गुंडाळलेलं ते प्रेत अडगळीत होतं, कामगारांनी मुंडकं तोडलं, एका काचकामवाल्याने ते वास चांगला येतो म्हणून घरी नेलं, आणि अखेर वुड स्ट्रीटच्या सेंट मायकेल चर्चमध्ये इतर हाडांसोबत पुरलं. ते चर्चही आता नाही. शीन मठाची जागा रिचमंडच्या ओल्ड डियर पार्कात, गोल्फच्या मैदानाखाली.

समजा तिथे उद्या कुणी खणलं आणि हाडं निघाली. लाल रेघ कुठून आणायची? जेम्सची आई मार्गारेट ऑफ डेन्मार्क. तिला तीन मुलगे, लेक नाही. तिची आई डोरोथिया ऑफ ब्रँडेनबुर्ग. तिची लेक ही एकच. म्हणून डोरोथियाच्या बहिणीकडे वळले. बार्बरा, इटलीतल्या मांतुआची मार्क्वीज. मांतेन्याने राजवाड्यातल्या खोलीच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात नवऱ्यासह सिंहासनावर बसलेली, भरदार, कडक चेहऱ्याची बाई. बार्बराच्या लेकींपैकी दोघींची लग्नं झाली, एक व्युर्टेम्बर्गला, एक गोरिझियाला. दोघींचाही वंश पुढे गेला नाही.

म्हणजे आणखी एक पिढी वर, डोरोथिया आणि बार्बरा यांच्या आईकडे, सॅक्सनीच्या विटेनबर्ग शाखेत. तिच्या बहिणी, मावशा, त्यांच्या लेकी. स्प्रेडशीटमध्ये नवं पान उघडलंय. आईचा रकाना पहिला ठेवलाय, वडिलांचा शेवटी. जर्मन वंशावळी मागवल्या आहेत, आणि जर्मन येणारी एक मैत्रीण कोथरूडला आहे, तिला रविवारी फोन.